समत्व आणि दिशा

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात एक आक्षेप विचारार्थ घेतला आहे. आणि तो इतका मानवी आहे की, शास्त्रचर्चेशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा माणसाच्या मनातही एखाद्या शोकाच्या प्रसंगी तो आपोआप उभा राहतो. कोणी अत्यंत सुखी, कोणी अत्यंत दुःखी, आणि बहुतेक जीव मधल्या कोठल्या तरी अवस्थेत, अशी सृष्टी ज्याने निर्माण केली त्या ईश्वराच्या माथी पक्षपात आणि निर्दयता हे दोन दोष येतात, असा तो आक्षेप होय. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचे जे उत्तर दिले आहे ते पर्जन्याच्या दृष्टांतावर आधारलेले आहे. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच कारण होतो. भाताचे भात आणि जवाचे जव होते ते त्या त्या बीजाच्या सामर्थ्याने. त्याचप्रमाणे ईश्वर सर्वांना साधारण कारण असून जीवाजीवांतील तफावत ज्याच्या त्याच्या कर्माने उत्पन्न होते. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. परंतु त्यातून ईश्वराची जी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते ती एका महान तटस्थाची असते, आणि भक्ताचा अनुभव तर तटस्थतेचा नसतो. जनाबाईच्या जात्याला ज्याने हात लावला तो विठ्ठल त्या घटकेला केवळ तिचाच होता, अशीच वारकऱ्याची श्रद्धा आहे. तो पंढरीच्या सगळ्या जात्यांना सारखाच थोडाथोडा हात लावून गेला, असे कोणी म्हणत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायातही भगवंताचे सर्वभूतांविषयीचे समत्व आणि भक्ताशी असलेले त्याचे विशेष ऐक्य या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आहेत. तेव्हा प्रश्न असा आहे की, जे देणे विशेष आहे ते सम असू शकते काय. आणि असू शकत असेल, तर त्याचे समत्व नेमके कोठे राहते?

या प्रश्नाकडे पाहण्याची एक नवी आणि आश्चर्यकारक रीतीने काटेकोर वाट आपल्या काळातील बिनतारी दळणवळणाच्या विद्येने मोकळी करून दिली आहे, असे मला फार दिवस वाटत आले आहे. धर्मविचाराला यंत्रविद्येचा टेकू लागतो असे मुळीच नाही. परंतु मर्यादित सामर्थ्याच्या दात्याने अनेकांना कसे द्यावे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे रोज उभा राहतो आणि ज्यांना त्याचे उत्तर हिशेबात चोख बसवून दाखवावे लागते, त्यांच्या अनुभवाची उपेक्षा करण्याचे तत्त्वचिंतकाला काही कारण नाही.

आरंभीच्या आकाशवाणीचा उंच मनोरा हा पर्जन्याच्या दृष्टांताचा जणू मूर्त दाखला होता. तो सभोवारच्या मुलुखावर सर्व दिशांना सारखेच प्रक्षेपण करी. ज्याच्या घरी ग्राहक यंत्र असेल त्याने ते घ्यावे, नसेल त्याने न घ्यावे. या औदार्याचा खर्च मात्र मोठा होता. अंतर दुप्पट झाले की लहरीची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते, आणि चहूकडे उधळलेल्या शक्तीपैकी बहुतांश डोंगरांच्या कड्यांवर, ओसाड माळांवर आणि समुद्रावर पडून वाया जाते. एकाच वार्तेने सर्वांचे समाधान होत होते तोवर हे चालले. प्रत्येकाला स्वतंत्र वार्ता पोहोचवायची आणि प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर ऐकायचे, अशी वेळ आली तेव्हा ते चालेना. दिशा निवडणे भाग पडले.

दिशा निवडण्याची युक्ती जुनीच आहे. १९०५ साली स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राउन या भौतिकशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९०९ साली मार्कोनीबरोबर नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तीन अँटेना त्रिकोणात उभ्या करून असे दाखवून दिले की, त्यांपैकी एकीला द्यावयाच्या लहरीस थोडा विलंब लावला असता प्रक्षेपणाचा जोर एका बाजूला वळविता येतो. यात हलत काहीच नाही; सर्व अँटेना जागच्या जागी स्थिर असतात. एकेक अँटेना स्वतःपुरती जवळजवळ सर्व दिशांना सांडत असते. परंतु त्या सर्वांच्या लहरींची शिखरे ज्या एका दिशेला एकाच क्षणी पोहोचतात तेथे त्या एकमेकींत मिळून प्रबळ होतात, आणि जेथे एकीचे शिखर दुसरीच्या दरीवर येते तेथे त्या परस्परांना पुसून टाकतात. असा झोत तयार होतो; आणि त्यातील कोणत्याही एका अँटेनेकडे बोट दाखवून झोत येथे आहे असे म्हणता येत नाही. शिवाय झोत समोर सरळ न जाता तिरका जावा अशी इच्छा असेल, तर सर्वांनी एकदम बोलून भागत नाही. प्रत्येकीने आपल्या स्थानाप्रमाणे कमीअधिक थांबावे लागते, आणि हे थांबणे ज्याचे त्याचे वेगळे असते म्हणूनच दूरच्या त्या एका बिंदूवर सर्वांचे एकमत होते.

आता या झोताचा हिशेब पाहावा. चौसष्ट अँटेना मेळाने बोलल्या, तर इष्ट दिशेला एका अँटेनेच्या चौसष्टपट नव्हे, तर ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ पट तीव्रता मिळते. परंतु शक्ती तर चौसष्टपटच खर्च झालेली असते. वरची तीव्रता कोठून आली? ती इतर दिशांच्या वाट्यातून आली. निसर्गाच्या दप्तरात फुकटची जमा कधी लिहिली जात नाही. येथे जो उजेड वाढला तो तेथल्या अंधाराने भरून दिलेला असतो. ज्या जीवाचे सामर्थ्य सांत आहे त्याने एकाग्र व्हायचे ठरविले की त्याच्याकडून कोणीतरी वगळले जाणारच, ही गोष्ट स्वभावाच्या उणिवेतून येत नसून मर्यादित असण्यातूनच येते. आईचे लक्ष आजारी मुलाकडे असते तेव्हा दुसऱ्या मुलांकडे ते नसते. एका ग्रंथात बुडालेला विद्वान त्या काळापुरता दुसऱ्या सर्व ग्रंथांविषयी अज्ञानी असतो. सर्वांकडे एकाच वेळी सारखे लक्ष देण्याचा आग्रह धरणारा मनुष्य बहुधा कोणाकडेच लक्ष देत नसतो.

येथवर विचार आला म्हणजे पक्षपाताचा आक्षेप अधिकच तीव्र होतो. एकाग्रता अटळ, आणि एकाग्रतेत वगळणे अटळ. मग समत्व हा शब्द आपण सांत जीवांनी टाकूनच द्यावा की काय? या ठिकाणी आजच्या मोबाईल यंत्रणेची कार्यरीत बारकाईने पाहण्यासारखी आहे.

या यंत्रणेत आता ज्या अत्यंत आखूड लहरी वापरात येत आहेत, त्यांचा अभ्यास आपल्याच देशात जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास केला होता. काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करणे, त्या शिंगाच्या आकाराच्या नळीतून सोडणे, लोलकातून वळविणे, हे सारे त्यांनी त्या काळी साधले. भारतात २०२२ साली झालेल्या लिलावात जो २६ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला, त्यातील लहर सुमारे साडेअकरा मिलिमीटरांची असते. लहर इतकी आखूड असल्यामुळे अर्ध्या लहरीच्या अंतरावर मांडलेल्या २५६ अँटेना दहा सेंटिमीटर चौरसाच्या फळीवर सहज मावतात. परंतु ही लहर भिंतीने अडते, झाडाच्या पानांनी क्षीण होते, हातात धरलेल्या यंत्रावर स्वतःचाच तळहात आला तरी तुटते. सर्व दिशांना उधळून ती कोणापर्यंतच पोहोचावयाची नाही. तिला झोत हवाच. आणि झोत हवा तर ग्राहक कोठे आहे हे आधी कळावयास हवे.

ते कळण्यासाठी मनोरा प्रथम कोणालाही निवडत नाही. तो आपल्या हद्दीतील दिशा एकामागून एक क्रमाने धुंडाळतो. या उच्च पट्ट्यांत अशा चौसष्टपर्यंत दिशा मुक्रर करता येतात, आणि त्या सर्वांवरून संकेताचा झोत पाच मिलिसेकंदांच्या आत फिरून जातो. असा फेरा सामान्यतः दर वीस मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, होत राहतो. ग्राहक यंत्र हे सर्व संकेत ऐकते, त्यांपैकी कोणता आपल्यापर्यंत पुरेशा जोराने आला ते पारखते, आणि त्या संकेताशी जी उत्तराची वेळ नेमून दिलेली असते नेमक्या त्याच वेळी आपला क्षीण प्रतिसाद पाठविते. उत्तर कोणत्या क्षणी आले एवढ्यावरूनच मनोऱ्याला त्याची दिशा कळते, आणि मग त्या दिशेला खरा झोत लावला जातो. पुढे मध्येच कोणी आड आले आणि झोत तुटला, तर ग्राहक दुसरी दिशा शोधून पुन्हा दरखास्त करतो, आणि तीही ऐकून घेण्याची तजवीज ठेवलेली असते.

माझ्या दृष्टीने या कार्यरीतीत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. समत्व आणि विशेष हे दोन्ही येथे नांदतात. पण त्यांची स्थाने वेगळी आहेत. समत्व आहे ते धुंडाळण्यात. त्या फेऱ्यातून कोणतीही दिशा वगळलेली नाही, कोणत्याही दिशेला ती निर्जन आहे असे गृहीत धरून टाळलेले नाही, आणि मागल्या फेऱ्यात उत्तर आले नाही म्हणून पुढल्या फेऱ्यात तिकडे पाठ फिरविलेली नाही. विशेष आहे ते देण्यात; ते ज्याचे त्याचे, संपूर्ण आणि एकाग्र असते. पर्जन्याच्या दृष्टांतात भेद बीजापाशी होता. येथे तो प्रतिसादापाशी आहे. आणि बीज व प्रतिसाद यांत एक मोठे अंतर आहे, ते असे की बीज बदलू शकत नाही, प्रतिसाद मात्र दर फेऱ्याला नव्याने देता येतो. कर्माच्या जमाखर्चात मागील शिल्लक पुढे ओढली जाते. उत्तर देण्याची मुभा प्रत्येक वेळी कोरी असते.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये याच मर्मावर मोठा मतभेद झाला. वेदान्तदेशिकांची परंपरा मानणारे वडकलै पंथीय म्हणत की, वानरीचे पिल्लू जसे आईला घट्ट धरून राहते तसा जीवाकडूनही थोडा प्रयत्न हवा. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे तेंकलै पंथीय म्हणत की, मांजरी आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काही करावयाचे नसते. वर सांगितलेल्या व्यवहारात या दोन्ही पक्षांना आपापला अंश सापडतो. आधी हाक येते ती ग्राहकाने मागितलेली नसते; त्या अर्थी पहिले पाऊल सर्वस्वी दात्याचेच असते. पण झोत ठरतो तो उत्तराने. हाकेवाचून उत्तर शक्य नाही, आणि उत्तरावाचून हाक सफल नाही. ईश्वराच्या कृपेचे स्वरूप खरोखर असेच आहे असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु कृपा विशेष असूनही अपक्षपाती असू शकते, या कल्पनेत व्याघात नाही, एवढे तरी यावरून निःशंकपणे म्हणता येते.

आता उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, आणि तो अधिक कठीण आहे. उत्तरे एकाच वेळी अनेक आली तर काय करावे? अँटेनांचे गट पाडावेत आणि एकेका गटाने एकेकाची सेवा करावी, हा मार्ग प्रथमदर्शनी न्याय्य वाटतो. परंतु त्याचा हिशेब धक्का देणारा आहे. चौसष्ट अँटेनांचे सोळासोळाचे चार गट केले, तर प्रत्येक गटाच्या झोताची तीव्रता १६ गुणिले १६, म्हणजे २५६ पट एवढीच उरते. एकत्र समूहाच्या ४०९६ शी ताडून पाहता ती चौथा हिस्सा नसून सोळावा हिस्सा भरते. झोत रुंदही होतो, आणि एकाचा झोत दुसऱ्याच्या हद्दीत सांडू लागतो. फुटून सेवा करणाऱ्यांनी चारांपैकी तीन वाटे गमावले म्हणावे, तर त्यांनी त्याहून कितीतरी अधिक गमावलेले असते, कारण त्यांनी शक्तीबरोबर मेळही वाटून टाकला. याउलट प्रत्येक अँटेनेने चारही ग्राहकांच्या वार्ता, ज्याच्या त्याच्या दिशेला योग्य अशा निरनिराळ्या विलंबांनी, एकदमच वाहून नेल्या, तर शक्ती चार ठिकाणी विभागली जाऊनही प्रत्येकाला १०२४ पट, म्हणजे एकत्र समूहाचा पुरा चौथा हिस्सा मिळतो. परंतु त्यासाठी प्रत्येक अँटेनेमागे स्वतंत्र यंत्रसामग्री लागते, आणि चारही ग्राहकांकडे जाणाऱ्या वाटांचे सूक्ष्म ज्ञान लागते. ते ज्ञान अपुरे असेल तर एकाला दिलेले दुसऱ्याला उपद्रव होते. म्हणून प्रत्यक्षात बहुधा मध्यम मार्ग पत्करतात: काही गट, काही एकत्रता, आणि उरलेल्यांसाठी पाळी.

आपल्या महाराष्ट्रात हा विवेक शेतकऱ्यांनी शतकानुशतके आचरिला आहे. पांझरा आणि मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली जी फड पद्धती चालत आली, तीत भिजणारे सारे क्षेत्र फडांत विभागलेले असते, एकेका फडात एकच पीक घेतात, आणि पाटाचे पाणी पाटकऱ्याच्या देखरेखीखाली क्रमाने फिरते. पाणी सर्व वाफ्यांना एकाच वेळी सारखे सोडले तर ते वाटेतच जिरून जाईल आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत धारही पोहोचणार नाही, हे त्या लोकांना पुस्तकावाचून कळले होते. म्हणून पाळी ज्याची असेल त्याला पुरा प्रवाह, आणि पाळी प्रत्येकाला, हा त्यांचा न्याय. कालव्यांच्या शेजपाळीतही हेच तत्त्व आहे, आणि तेथे पाळीचा आरंभ पाटाच्या शेवटच्या टोकापासून करावा असा जो दंडक सांगितला जातो, त्यात तर मला संपूर्ण नीतिशास्त्राचे सार दिसते. मुखाजवळच्याला पाणी मिळणारच असते. व्यवस्थेची खरी परीक्षा टोकाशी होते.

कारण प्रतिसादावर सर्व भार टाकणाऱ्या व्यवस्थेतही एक अन्याय दडलेला असतो. ज्याचा आवाज मुळातच क्षीण, जो भिंतीआड आहे, जो हद्दीच्या अगदी कडेला आहे, त्याने उत्तर दिले तरी ते ऐकू येईलच असे नाही. केवळ एकूण लाभ जास्तीत जास्त व्हावा एवढेच धोरण ठेवले, तर मनोऱ्याने सर्वकाळ जवळच्या आणि निर्वेध ग्राहकांचीच सेवा करावी असा फैसला गणिताने निघतो. बेरीज मोठी होते आणि कडेचा माणूस कायमचा उपाशी राहतो. या विद्येतील जाणत्यांनी हे ओळखले, आणि पाळी ठरविताना एक निराळा नियम अमलात आणला. या क्षणी कोणाला किती देता येईल, याला त्या ग्राहकाला आजवर सरासरीने किती मिळाले याने भागावे, आणि ज्याचे फळ मोठे येईल त्याची पाळी लावावी. ज्याला पुष्कळ मिळून गेले त्याचा हक्क आपोआप उतरतो, ज्याची उपेक्षा झाली त्याचा हक्क दर क्षणाला चढत जातो. वंचितपणाचीच येथे नोंद ठेवली जाते, आणि ती नोंद हक्काचा दस्तऐवज बनते.

शिवाय दात्याच्या अंगी दुसरेही एक कर्तव्य निसर्गाने घातले आहे. अँटेनांचा समूह ज्या मांडणीने एका दिशेला उत्तम बोलतो, त्याच मांडणीने आणि त्याच लहरीवर तो त्या दिशेचे उत्तम ऐकतो; बोलण्याचा झोत आणि ऐकण्याचा झोत यांची आकृती एकच असते. म्हणून क्षीण उत्तर ऐकू आले नाही, तर दोष सर्वस्वी उत्तर देणाऱ्यावर ढकलता येत नाही. ऐकणाराही त्या दिशेला पुरेसा एकाग्र झाला होता का, हे विचारावे लागते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. लहरींचा मेळ न घालता नुसत्या तीव्रतांची बेरीज केली, तर आकाशाचा विस्तृत भाग एकदम दिसतो, पण क्षमता एका तबकडीच्या सुमारे साडेपाचपटच होते. मेळ घालून बेरीज केली, तर क्षमता तत्त्वतः तीसपट होते, मात्र दृष्टी आकाशाच्या अगदी लहान तुकड्यावर खिळते. अज्ञात स्पंदक ताऱ्याचा शोध घेताना पहिली विस्तृत रीत कामास येते. तो सापडल्यावर त्याची अतिक्षीण स्पंदने समजून घेण्यासाठी दुसरी रीत लागते. आधी कोणालाही न वगळणारी दृष्टी, नंतर एकावर खिळलेली दृष्टी: या दोहोंपैकी एकच ज्याच्यापाशी आहे त्याला एक तर सारे दिसते पण कोणी उमगत नाही, नाही तर एक उमगतो आणि बाकीच्यांचे अस्तित्वच कळत नाही.

या सर्व विवेचनाची मर्यादा मला ठाऊक आहे. मनोऱ्याचे सामर्थ्य सांत आहे, ईश्वराचे अनंत मानले आहे. ज्याला एकाकडे वळताना दुसऱ्याकडे पाठ करावी लागत नाही त्याच्यावर पक्षपाताचा आक्षेप घेणे, हे आपली मर्यादा त्याच्यावर लादणे आहे. शंकराचार्यांचे उत्तर ईश्वरापुरते खंडित होते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, पर्जन्याचा दृष्टांत मनुष्याने स्वतःच्या आचरणाला लावू नये. आपण मेघ नाही. मी तर सर्वांना सारखाच आहे असे म्हणून जो शिक्षक, जो अधिकारी, जो कुटुंबातील कर्ता पुरुष कोणाकडेही वळत नाही, आणि ज्याला मिळाले नाही त्याच्या बीजाला बोल लावतो, त्याने समत्वाचे नाव घेऊन आपली जबाबदारी टाळलेली असते. सांत जीवाला शक्य असलेले समत्व कष्टाचे आहे. त्यात रोज सर्व दिशा नव्याने धुंडाळाव्या लागतात, ज्याची पाळी आली त्याला काही हातचे न राखता पुरते द्यावे लागते, कोणाला आजवर काय मिळाले नाही याचा हिशेब जागा ठेवावा लागतो, आणि ज्याचे उत्तर ऐकू येत नाही त्याच्या दिशेला आपलेच कान अधिक एकाग्र करावे लागतात. एवढे केल्यावर जी विषमता शिल्लक राहील तिचा जाब ईश्वराला खुशाल विचारावा. त्यापूर्वी वैषम्याचा आक्षेप आपल्यावरच येतो, आणि त्याचे उत्तर भाष्यात शोधून मिळणार नाही, ते आचरणानेच द्यावे लागेल.